‘परीक्षेपुरत्या गोळ्या बंद ठेवा’ म्हणे!

परीक्षा जवळ आल्या की एक मेसेज फिरायला लागतो, पालकांच्या प्रत्येक ग्रुपवर असतोच. म्हणणं थोडक्यात असं: डिप्रेशन, अँग्झायटी ही अभ्यास टाळायची कारणं आहेत, गोळ्यांनी डोकं बधिर होतं म्हणून परीक्षेपुरत्या बंद ठेवा, रात्र जागून अभ्यास केला की नको ते विचार यायला वेळच उरत नाही, पेपरला जादा वेळ मागणं म्हणजे फसवणूक, आणि मरायची भाषा करणारी मुलं प्रत्यक्षात काही करत नाहीत. मी स्वतः ओसीडी (नको ते विचार, शंका डोक्यातून जात नाहीत आणि तीच ती गोष्ट परत परत करावी लागते तो आजार) सांभाळत शाळेच्या परीक्षा दिल्यात, त्यामुळे हे वाचून गप्प बसवत नाही.

आधी गोळ्यांचं घेते, कारण इथं नुकसान पटकन होतं. डिप्रेशन, अँग्झायटी, ओसीडीला बरेचदा एसएसआरआय गटातली औषधं देतात, सर्ट्रालिन, फ्लुओक्सेटिन वगैरे. यांचा गुण यायला काही आठवडे लागतात, ओसीडीत तर कधी 10-12 आठवडे, त्यामुळे आज बंद, शेवटचा पेपर झाला की चालू, असलं काही त्यात होतच नाही. शिवाय अचानक सोडली की अनेकांना चक्कर, मळमळ, चिडचिड, झोप उडणं, डोक्यात करंट गेल्यासारखे झटके असं सुरू होतं, तेही बरेचदा दोन-चार दिवसांतच, म्हणजे परीक्षेच्या तोंडावर बंद केली तर नेमकं पहिल्या पेपरला. सुस्ती येते ही तक्रार मात्र खोटी नाही हं. काही औषधांनी येते, आणि घबराटीसाठी देतात त्या बेंझोडायझेपिन गटातल्या गोळ्यांनी तर लक्षात राहायलाही त्रास होतो. पण मग ते डॉक्टरांना सांगा ना, वेळ बदलता येते, डोस बदलता येतो, फक्त हे बोलणं परीक्षेच्या बरंच आधी व्हायला हवं. औषध नवीन असताना किंवा डोस बदलल्यावर सुरुवातीला काही मुलांची अस्वस्थता, आत्महत्येचे विचार वाढूही शकतात, म्हणून तेव्हा घरच्यांनी लक्ष ठेवायचं असतं. पेपरच्या आदल्या रात्री नवीन गोळी सुरू करून बघायची नसते.

आता ‘कारणं’. एकाग्रता न होणं हे डिप्रेशनच्या निदानातलंच एक लक्षण आहे, मुलाने शोधून काढलेला बहाणा नाही. ओसीडीचं तर मी डोळ्यासमोर उभं करू शकते. उत्तर येत असतं, पण बैठक क्रमांक बरोबर लिहिला का ही शंका सुटत नाही, मग वर जाऊन एकेक आकडा बोट ठेवून तपासायचा, खाली यायचं, परत वर, मग सात नीट दिसत नाही म्हणून खोडायचा, परत काढायचा, कागद खरवडून भोक पडेपर्यंत, आणि तोवर शेजारचा तिसऱ्या प्रश्नावर. आळशी माणूस एवढी मेहनत करतो का हो? यावर थेरपीत शिकवतात ते असं की एकदाच तपासायचं आणि शंका मनात तशीच ठेवून पुढच्या ओळीवर जायचं. फार जड जातं सुरुवातीला. म्हणून याची प्रॅक्टिस घरी सराव पेपर सोडवताना करायची, थेट परीक्षेत करायला गेलात तर जमणार नाही.

रात्र जागण्याबद्दल काय बोलायचं. वाचलेलं पक्कं व्हायला झोप लागते, आणि बायपोलर (मूड कधी खूप खाली, कधी खूप वर जातो तो आजार) असलेल्या मुलाची झोप तुटली तर त्यातून मेनिया, म्हणजे तो अतिउत्तेजित टप्पा, सुरू होऊ शकतो, इतकं हे गंभीर आहे. त्यात जागायला कॉफी प्यायली की छातीत धडधड आणि ती धडधड म्हणजे पॅनिक आलं असं वाटून आणखी घाबरायचं! त्यापेक्षा ज्या दिवशी अंगात त्राण नाही त्या दिवशी थोडंच वाचा, पण वही मिटून आठवून बघा. रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांच्या 2006 च्या प्रयोगात आठवड्याने जास्त लक्षात राहिलं ते नुसतं पुन्हा वाचणाऱ्यांना नाही, आठवून बघणाऱ्यांना.

जादा वेळेत कोणी उत्तरं सांगत नाही, विषय संपला. वेगळी खोली, मध्ये छोटा ब्रेक असंही काही ठिकाणी मिळतं, पण डॉक्टरांचं पत्र आणि अर्ज लागतो, त्यामुळे शाळेत लवकर विचारा.

आणि तो शेवटचा मुद्दा, तो तर मेसेजमधून आधी डिलीट करा. आत्महत्या करणाऱ्यांपैकी अनेकांनी आधी कुणाला तरी तसं सुचवलेलं असतं. सरळ विचारल्याने डोक्यात तो विचार घुसतो हीसुद्धा गैरसमजूतच आहे. ‘जीव द्यावासा वाटतोय का?’ असंच विचारा, उत्तर ऐकून घ्या, मार्कांचं लेक्चर नको. हो म्हणालं तर मुलाला एकटं सोडू नका, घरातल्या गोळ्या आणि इजा होईल अशा वस्तू काढून घ्या आणि त्याच दिवशी डॉक्टर, हॉस्पिटल किंवा हेल्पलाइन गाठा, दुसऱ्या दिवशी पेपर असला तरी.