पॅटर्नो ‘निर्दोष ठरले’ हे खरे नाही

अमेरिकेतल्या पेन स्टेट विद्यापीठाच्या फुटबॉल संघाचे दिवंगत मुख्य प्रशिक्षक जो पॅटर्नो यांच्यावर कसा घोर अन्याय झाला, हे सांगणारा एक लांबलचक मराठी संदेश सध्या परदेशी शिकणाऱ्या मुलांच्या पालकांत फिरतो आहे. त्याचा आशय असा: पॅटर्नो यांचे काढून घेतलेले विजय 2015 साली त्यांना परत मिळाले आणि ते निर्दोष ठरले, आपल्या सहायकाने मुलांवर केलेल्या अत्याचारांविषयी जे कळले ते त्यांनी ताबडतोब वरिष्ठांना कळवले, त्यामुळे त्यांचे कर्तव्य पूर्ण झाले, त्याआधी त्यांना काहीच ठाऊक नव्हते, त्यांच्यावर ठपका ठेवणारा चौकशी अहवाल खोटा निघाला, आणि मुळात हे सगळे प्रसारमाध्यमांनी रचलेले कुभांड होते. माझ्या धाकट्या बहिणीचा मुलगा तिथे शिकतो, म्हणून हा संदेश तिच्यापर्यंत पोचला आणि तिने तो ‘शेवटी सत्याचाच विजय होतो’ असे लिहून घरच्या गटावर टाकला. ती पुण्यात शाळेत शिकवते. एरवी परदेशातल्या एका प्रशिक्षकाच्या वादात मी पडलो नसतो. पण ‘वरिष्ठांना सांगितले, आपले काम संपले’ हे एका शिक्षिकेला पटावे, हे मला सोसवले नाही.

ज्यांना प्रकरण ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. पॅटर्नो 1966 ते 2011 अशी 46 वर्षे मुख्य प्रशिक्षक होते आणि 409 विजय त्यांच्या नावावर होते. जेरी सँडस्की हा त्यांचा अनेक वर्षांचा सहायक प्रशिक्षक. गरजू मुलांसाठी काढलेल्या ‘सेकंड माइल’ या संस्थेच्या आडून तो लहान मुलग्यांना जाळ्यात ओढत होता. नोव्हेंबर 2011 मध्ये त्याला अटक झाली आणि जून 2012 मध्ये दहा मुलांवरील अत्याचारांच्या 48 पैकी 45 आरोपांत तो दोषी ठरला. त्याला 30 ते 60 वर्षांची शिक्षा झाली. पॅटर्नो यांना 9 नोव्हेंबर 2011 रोजी पदावरून काढण्यात आले आणि 22 जानेवारी 2012 रोजी फुप्फुसाच्या कर्करोगाने त्यांचे निधन झाले. त्यांच्यावर कधीही आरोपपत्र दाखल झाले नाही, खटला चालला नाही. जिथे खटलाच चालला नाही तिथे ‘निर्दोष ठरले’ म्हणायला आधार कोणता?

विजय परत मिळाले, हे खरे. परंतु ते का मिळाले हे संदेश लिहिणाऱ्याने तपासलेले नाही. महाविद्यालयीन खेळांचे नियमन करणाऱ्या एनसीएए या संघटनेने जुलै 2012 मध्ये विद्यापीठाला सहा कोटी डॉलरचा दंड केला आणि 1998 ते 2011 या काळातले पॅटर्नो यांचे 111 विजय रद्द केले. दंडाची रक्कम पेनसिल्व्हेनियातच खर्च व्हावी, यासाठी तिथले राज्य सिनेटर जेक कॉर्मन आणि राज्याचे कोषाध्यक्ष यांनी दावा लावला होता, आणि जानेवारी 2015 मध्ये तो तडजोडीने मिटला. त्या तडजोडीतले एक कलम म्हणजे हे विजय. पैसे कुठे खर्चायचे याच्या दाव्यात, पॅटर्नो यांना काय ठाऊक होते आणि त्यांनी काय केले, याचा निवाडा कोणी केलाच नाही.

आता मुख्य मुद्दा. शुक्रवार, 9 फेब्रुवारी 2001 च्या रात्री माइक मॅकक्वेरी या तरुण सहायकाने फुटबॉल इमारतीतल्या न्हाणीघरात सँडस्कीला एका लहान मुलाबरोबर पाहिले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पॅटर्नो यांच्या घरी जाऊन ते सांगितले. पुढे काय झाले, यासाठी मी कुणा पत्रकाराचा किंवा टीकाकाराचा आधार घेत नाही. पॅटर्नो यांनी जानेवारी 2011 मध्ये ग्रँड ज्युरीसमोर, म्हणजे आरोप ठेवण्याइतका पुरावा आहे का हे तपासणाऱ्या नागरिकांच्या मंडळासमोर, शपथेवर दिलेली साक्षच पुरेशी आहे. त्यात ते सांगतात की, सँडस्की त्या मुलाबरोबर काहीतरी करत होता आणि ते लैंगिक स्वरूपाचे होते. मॅकक्वेरी फार अस्वस्थ असल्यामुळे नेमके काय, हे आपण खोदून विचारले नाही, असेही ते सांगतात. आणि लगेच का कळवले नाही, याचे कारण देतात: शनिवार सकाळ होती, आणि लोकांच्या सुट्टीत आपल्याला व्यत्यय आणायचा नव्हता. शनिवारी कळवले की पुढच्या आठवड्याच्या सुरुवातीला, हेही त्यांना आठवत नव्हते. ‘ताबडतोब कळवले’ असे छातीठोकपणे लिहिणाऱ्याने ही साक्ष एकदा तरी वाचायला हवी होती.

बरे, कळवले ते कोणाला? क्रीडा संचालक टिम कर्ली यांना आणि त्यांच्यामार्फत विद्यापीठाचे उपाध्यक्ष गॅरी शुल्ट्झ यांना. कागदावर कर्ली हे पॅटर्नो यांचे वरिष्ठ, पण प्रत्यक्षात तेच पूर्वी पॅटर्नो यांच्या हाताखाली काम केलेले. 2004 मध्ये विद्यापीठाचे अध्यक्ष ग्रॅहम स्पॅनियर आणि कर्ली निवृत्त होण्याची विनंती घेऊन पॅटर्नो यांच्या घरी गेले, तेव्हा त्यांनी नकार देऊन त्यांना परत पाठवले आणि आणखी सात मोसम ते पदावर राहिले. आपल्या निवृत्तीच्या बाबतीत ज्यांचे ऐकायला ते तयार नव्हते, त्या ‘वरिष्ठां’समोर त्या मुलाच्या बाबतीत मात्र त्यांचे हात बांधलेले होते, हे कोणी मला पटवून द्यावे. तो मुलगा कोण, हे विद्यापीठातल्या एकाही माणसाने शोधले नाही. सँडस्कीला मुलांना विद्यापीठात आणू नको एवढे सांगण्यात आले आणि तो मोकळा राहिला. पुढे ज्या गुन्ह्यांत तो दोषी ठरला त्यांत 2001 नंतरचेही आहेत. या बेफिकिरीची किंमत ज्या मुलांनी मोजली, त्यांचा त्या सबंध संदेशात एका शब्दानेही उल्लेख नाही.

पेनसिल्व्हेनियाच्या तेव्हाच्या कायद्यानुसार संस्थेतल्या माणसाने आपल्या वरिष्ठाला कळवणे पुरेसे होते, आणि त्या अर्थाने पॅटर्नो यांनी कायदा मोडला नाही, हे मला मान्य करावे लागते. सरकारी वकिलांनीही ते चौकशीचे लक्ष्य नसल्याचे सांगितले होते. परंतु याच प्रकरणानंतर त्या राज्याने कायदा बदलला आणि संबंधिताने स्वतः थेट तक्रार केली पाहिजे, असे ठरवले. आपल्याकडे 2012 च्या पॉक्सो कायद्याचे 19 वे कलम असा अत्याचार ठाऊक असलेल्या कोणत्याही व्यक्तीला पोलिसांना कळवायला बांधील धरते. मुख्याध्यापकांच्या कानावर घालून शिक्षिकेची सुटका होत नाही, हे मी बहिणीला त्याच दिवशी फोन करून सांगितले.

‘आधी काही ठाऊक नव्हते’ या दाव्याचे तसेच. सँडस्कीविरुद्ध 1998 मध्ये एका आईच्या तक्रारीवरून विद्यापीठाच्या पोलिसांनी चौकशी केली होती आणि ती आरोप न ठेवता बंद झाली. त्या मे महिन्यातल्या कर्ली यांच्या ईमेलमध्ये ‘प्रशिक्षकां’शी आपण बोललो असल्याचा आणि पुढे काय झाले हे जाणून घ्यायला ‘प्रशिक्षक’ उत्सुक असल्याचा उल्लेख आहे. तो प्रशिक्षक दुसराच कोणी होता, असे म्हणायची ज्यांची तयारी असेल त्यांनी तसे म्हणावे. 27 फेब्रुवारी 2001 च्या ईमेलमध्ये मात्र नावच आहे: काल जो यांच्याशी बोलल्यावर, ठरलेली पुढची पावले आपल्याला योग्य वाटत नाहीत, असे कर्ली लिहितात. ठरलेल्या त्या पावलांत राज्याच्या कल्याण विभागाला कळवणे होते. ते झाले नाही. त्या बोलण्यात पॅटर्नो नेमके काय म्हणाले, याची नोंद नाही. पण वरिष्ठांना सांगून ते बाजूला झाले होते, ही गोष्ट त्या ओळीनंतर टिकत नाही.

हे ईमेल उजेडात आणले ते विद्यापीठाने चौकशीसाठी नेमलेले एफबीआयचे माजी संचालक लुई फ्री यांच्या जुलै 2012 च्या अहवालाने, आणि त्या अहवालाविषयीच्या तक्रारीत थोडे तथ्य आहे. फ्री यांनी पॅटर्नो किंवा मॅकक्वेरी यांच्याशी बोलल्याशिवायच निष्कर्ष काढले, आणि पॅटर्नो यांनी जाणूनबुजून लपवाछपवी केली, हा त्यांचा शेरा हाती असलेल्या पुराव्याच्या पुढे जातो. एनसीएएनेही त्यावर विसंबून घाई केली. म्हणून ईमेल खोटे ठरत नाहीत. मुलांच्या सुरक्षिततेला धोका पोचवल्याचा गुन्हा कर्ली आणि शुल्ट्झ यांनी 2017 मध्ये न्यायालयात कबूल केला आणि स्पॅनियर यांना ज्युरीने दोषी ठरवले, हे तर फ्री यांच्या अहवालाबाहेरचे आहे.

माध्यमांनी अतिरेक केला असेल. रात्री फोन करून एवढ्या जुन्या प्रशिक्षकाला काढून टाकणे मलाही शोभणारे वाटले नाही. तरी 45 आरोप सिद्ध झाले ते न्यायालयात.

राहता राहिला पुतळा, जो परत बसवावा अशी मागणी संदेशाच्या शेवटी आहे. तेव्हाचे अध्यक्ष रॉडनी एरिक्सन यांनी 22 जुलै 2012 रोजी बीव्हर स्टेडियमबाहेरचा तो पुतळा काढला, कारण तो तिथे राहणे जखमा भरून येण्याच्या आड येत होते. पण पॅटर्नो दांपत्याने ज्या ग्रंथालयासाठी लाखो डॉलर दिले आणि निधी उभारला, त्याचे नाव त्यांनी त्याच निवेदनात कायम ठेवले, कारण ते या दांपत्याने विद्यार्थ्यांसाठी आणि शिक्षणासाठी केलेल्या कामाचे होते. तो निर्णय मला तेव्हाही योग्य वाटला आणि आजही वाटतो. माझा भाचा त्या ग्रंथालयात अभ्यास करतो, आणि त्याने तो तिथे खुशाल करावा.