लाल रकाने दुरुस्त करा

परवा एका फॉर्मने मला कळवलं, की माझ्यात चुका आहेत. एवढं सांगायला फॉर्म कशाला हवा, घरात माणसं आहेत. पण फॉर्मचा पुढे हुकूम होता: 'लाल चौकटीतले रकाने दुरुस्त करून पुन्हा सबमिट करा.' एकूण रकाने २३. बरोबर भरलेल्यांना हिरवी चौकट, चुकलेल्यांना लाल. आणि माझ्या डोळ्यांना सगळ्या २३ चौकटी सारख्याच मळकट, जुन्या गोणपाटाच्या रंगाच्या.

मी रंगांधळा आहे. आईच्या वडिलांकडून आलंय. आजोबांच्या इस्टेटीतलं एवढंच मला मिळालं, आणि तेही कोर्टाची पायरी न चढता. लाल आणि हिरवा यांच्यात माझी गल्लत होते, बाकी तब्येत उत्तम. पण हे चारचौघांत बोलायची सोय नाही. लंगडणाऱ्याला कोणी 'जरा पळून दाखवा' म्हणत नाही. मला मात्र प्रत्येक जण लगेच आपला सदरा चिमटीत धरून 'हा कुठला रंग?' विचारतो. उत्तर चुकलं की टाळ्या, बरोबर आलं की मी थापाड्या.

तर हेल्पलाइनला फोन लावला. बऱ्याच संगीतानंतर एक अत्यंत नम्र बाई आल्या. नम्रपणात मी त्यांना शंभरपैकी शंभर देईन.

"सर, जे रकाने लाल दिसतायत तेवढेच दुरुस्त करायचेत."

"मॅडम, मला लाल ओळखू येत नाही."

"काही हरकत नाही सर. मग हिरवे सोडून बाकीचे करा."

"हिरवाही येत नाही."

जरा शांतता. "सर, स्क्रीनचा ब्राइटनेस वाढवून बघता का?"

"स्क्रीन ठणठणीत आहे. मी रंगांधळा आहे."

"ओके सर. हा प्रॉब्लेम कधीपासून येतोय?"

"जन्मापासून."

पलीकडे कीबोर्डचा आवाज आला. त्यांनी ते खरोखर टाइप केलं. मग म्हणाल्या, "त्याआधी फॉर्म नीट चालत होता का सर?"

त्याआधी नीटच चालत असणार, असं मी सांगितलं. त्यांनी तेही टाइप केलं. मग त्यांनी मला कॅश क्लिअर करायला लावली, दुसरा ब्राउझर उघडायला लावला, फोन बंद करून चालू करू का असं मीच विचारलं, तर म्हणाल्या, "नको सर, कॉल कट होईल." इथवर सगळं ठरलेल्या कागदावरून चाललं असावं. मग कागद संपला आणि बाईंमधला माणूस जागा झाला.

"सर, एक विचारू? मग तुम्ही सिग्नल कसा पाळता?"

हा प्रश्न येणारच होता. आजवर एकही माणूस तो विचारल्याशिवाय गेलेला नाही. मी म्हटलं, "वरचा दिवा लाल, खालचा हिरवा. जागा ठरलेली असते."

"अच्छा!" त्यांना खरंच आनंद झाला. "मग सर, इथेही वरचा रकाना लाल समजा ना."

वरच्या रकान्यात माझं नाव होतं.

मी चिडलो, कबूल करतो. त्यांना सांगायला लागलो, की बाई, सिग्नल बनवणाऱ्याला जे सुचलं ते तुमच्या फॉर्मवाल्याला का सुचू नये? रंग ठेवा, कोण नाही म्हणतंय, पण शेजारी 'चूक आहे' असे दोन शब्द टाका, एखादी फुली मारा. वेबसाइटी सगळ्यांना वापरता याव्यात म्हणून नियम आहेत, वेब कन्टेन्ट अ‍ॅक्सेसिबिलिटी गाइडलाइन्स म्हणतात त्यांना. पहिली आवृत्ती १९९९ सालची. त्यातली दुसरीच सूचना अशी, की केवळ रंगावर विसंबू नका. दुसरी! शेवटच्या पानावर बारीक अक्षरात नव्हे. "सर, १९९९ मध्ये मी..." बाई म्हणाल्या आणि थांबल्या. तेव्हा त्या पाळण्यात असाव्यात.

रंगांधळ्यांच्या तक्रारींना उत्तर मिळायला वेळ लागतो, हे तसं जुनंच आहे. आमच्यातले सर्वात थोर म्हणजे अणुसिद्धान्तवाले जॉन डाल्टन. १७९४ साली त्यांनी मँचेस्टरच्या विद्वानांपुढे स्वतःच्या डोळ्यांवर निबंध वाचला. डोळ्यातला द्रव निळा असल्यामुळे आपल्याला रंग असे दिसतात, ही त्यांची खात्री. मेल्यावर डोळे उघडून बघा, असं सांगून ठेवलं होतं. १८४४ साली ते गेले, बघितलं, तर द्रव स्वच्छ पाण्यासारखा. जपून ठेवलेल्या डोळ्यांतून १९९५ साली डीएनए काढला तेव्हा कुठे खरं कारण सापडलं: हिरव्या भागातला प्रकाश टिपणारं रंगद्रव्यच डोळ्यांत नव्हतं. म्हणजे तक्रार निकालात निघायला दोनशे एक वर्षं, आणि तक्रारदाराला डोळे जमा करावे लागले. त्या मानाने मला फक्त संगीत ऐकावं लागलं.

इकडे बाईंनी नवा मार्ग काढला होता. "सर, घरात कोणी आहे का, ज्यांना दिसतं?"

आवाजात जराही कुचेष्टा नव्हती, म्हणून तर जास्त लागलं. मला दिसतं हो! खिडकीबाहेरच्या तारेवर बसलेला पक्षी दिसतो. तुमच्या फॉर्मच्या तळाशी पांढऱ्यावर फिक्या राखाडीत लिहिलेल्या अटीही मी डोळे बारीक करून वाचल्या आहेत, ज्या बहुधा लिहिणाऱ्यानेही वाचल्या नसतील.

माझा एक मित्र पूर्ण अंध आहे. त्याला हा प्रश्न आठवड्यातून एकदा तरी विचारला जातो. तो एनव्हीडीए नावाचं स्क्रीन रीडर वापरतो. दोन अंध ऑस्ट्रेलियन प्रोग्रामरांनी २००६ साली ते लिहायला घेतलं आणि जगाला फुकट दिलं. ते स्क्रीनवरचं सगळं बोलून दाखवतं, तेही अशा वेगाने की मला नुसती शिवणयंत्राची घरघर ऐकू येते. त्याला मी उत्साहाने माझा फॉर्म पाठवला. तो म्हणाला, "तुझं बरंय. तुला २३ रकाने आहेत हे तरी कळतं आणि कशाचे तेही कळतं. मला फक्त ऐकू येतंय: एडिट, रिक्त. एडिट, रिक्त. एडिट, रिक्त." रकान्याचं नाव शेजारी छापलेलं होतं, पण कोडमध्ये ते रकान्याला जोडायचं राहिलं होतं. एका ओळीचं काम. ती ओळ लिहिलेली नाही, म्हणून हा शिकलेला, पगारदार माणूस आपला पासवर्ड आणि ओटीपी शेजारच्या पोराला मोठ्याने वाचायला लावतो. आणि मग सुरक्षिततेचे मेसेज येतात: ओटीपी कोणालाही सांगू नका. त्या मेसेजबरोबर एक चित्रही असतं. चित्रात काय आहे ते त्याला कधीच कळत नाही, कारण त्याचं वर्णन म्हणून लिहिलेलं असतं 'इमेज १'.

हे सगळं मी बाईंना सांगणार होतो. तेवढ्यात स्क्रीनवर पाटी आली: 'आपले सत्र संपले आहे.' सगळे २३ रकाने कोरे. वेळ संपण्याआधी इशारा द्यावा, मुदत वाढवून घ्यायला निदान २० सेकंद द्यावीत, असाही नियम आहे. पण नियमांबद्दल माझं आणि बाईंचं बोलणं तोवर बरंच झालं होतं.

पुन्हा भरला. पुन्हा तीच तक्रार. शेवटी बायकोला हाक मारली. तिने चष्मा शोधण्यात पाच मिनिटं घालवली आणि फॉर्मवर दोन सेकंद. "जन्मतारीख," ती म्हणाली. तारखेत मी रेघा दिल्या होत्या, त्यांना टिंबं हवी होती.

रात्री त्यांचा मेसेज आला: आमच्या प्रतिनिधीशी झालेला संवाद कसा वाटला? खाली शेजारी शेजारी दोन गोल ठिपके. अक्षर नाही, हसरा चेहरा नाही, काही नाही. मी बराच वेळ बघत राहिलो. बायको झोपली होती. डावा दाबला.

'आपण पूर्णपणे समाधानी आहात हे जाणून आनंद झाला.'