अप्पा, ऑपरेशननंतर विषय संपत नाही

नमस्कार अप्पा,

माझ्या जन्मजात आजाराबद्दल, ब्लॅडर एक्स्ट्रॉफीबद्दल, मी इथे लिहिलं होतं, त्यावरची तुमची प्रतिक्रिया नीट वाचली. तुमचं म्हणणं असं की हा आजार लाखात एखाद्याला होतो, लहानपणी ऑपरेशन झालं की विषय संपला, तुमच्या साडूंची नात आता 19 वर्षांची आहे आणि ठणठणीत आहे, आणि माझ्यासारख्या बाईने हे असं उघड लिहिलं तर आपल्याकडच्या पोरींची जमणारी लग्नं मोडतील. तुम्ही काळजीने लिहिलंय हे कळतं म्हणून सविस्तर उत्तर देते.

लाखात एक नाही हो. साधारण 30 ते 50 हजार जन्मांत एक, मुलींपेक्षा मुलांमध्ये जास्त. ह्यात जन्मतःच मूत्राशय पोटाच्या बाहेर उघडं राहतं आणि ओटीपोटाची पुढची हाडं जुळतच नाहीत. आपल्या जळगाव जिल्ह्याची लोकसंख्या 2011 लाच 42 लाखांवर होती, म्हणजे तुमच्या-माझ्या ओळखीच्या गावांत अशा बाया आहेतच, फक्त बोलत नाहीत.

आणि विषय संपतो कुठे? माझं स्वतःचं मूत्राशय आतड्याचा तुकडा लावून मोठं केलंय, अपेंडिक्सची नळी करून बेंबीत उघडलीय, त्यातून दर काही तासांनी कॅथेटर, म्हणजे बारीक नळी, घालून लघवी काढायची, रात्रंदिवस, जन्मभर. आतड्याला चिकट स्राव असतो, तो साचला की इन्फेक्शन आणि खडे. आता आपल्याकडचा मे महिना डोळ्यापुढे आणा, पारा 45 ला टेकतो, आणि बाई पाणी कमी पिते कारण कापूस वेचायला गेली तर आडोसा नाही, एसटी स्टँडच्या संडासात हात धुवायला पाणी नाही, मग खडे होणार नाहीत तर काय होणार? किडनी खराब होते ती अशीच, हळूहळू, दुखत नाही म्हणून कळत पण नाही.

सगळ्यात वाईट ती 18 नंतरची वर्षं. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम 18 पर्यंत, लहान मुलांचे सर्जन म्हणतात आता तू मोठी झालीस, आणि तालुक्याच्या बायकांच्या डॉक्टरने अशी पेशंट कधी पाहिलेलीच नसते. मला एका ठिकाणी तपासताना चार जणांना आत बोलावून दाखवलं होतं, विचारलं पण नाही. त्यानंतर बरीच वर्षं मी दवाखान्याची पायरी चढले नाही, आणि असं टाळणारी मी एकटीच नाही.

अंग बाहेर येणं, म्हणजे गर्भपिशवी खाली सरकणं, हा आणखी एक त्रास, ह्यावर कोणी बोलत नाही म्हणून मुद्दाम लिहिते. पुढून हाडं जुळलेली नसल्याने खालच्या स्नायूंचा आधार मुळातच कमी असतो, त्यामुळे बाळंतपण न झालेल्या मुलीचंही अंग बाहेर येऊ शकतं. आपल्याकडे लगेच सल्ला मिळतो, गर्भपिशवी काढून टाका. अशा बाईची पिशवी काढली तर आहे तो आधारही जातो, त्यामुळे आधी एक्स्ट्रॉफी माहीत असलेल्या डॉक्टरला विचारल्याशिवाय होकार देऊ नये.

लग्नाचं म्हणाल तर अप्पा, लपवून लावलेली लग्नं मोडतात. मी नवऱ्याला आधीच सांगितलं होतं. आखाजीला माहेरी गेले की कोणा ना कोणाची आई मला बाजूला घेते आणि विचारते, आते काय व्हई ओ माय (आता काय होईल गं)? मी सांगते, संसार होतो, बऱ्याच जणींना मूलही होतं, पण दिवस राहिले की गायनॅक आणि युरोलॉजिस्ट दोघांनी मिळून बघायचं, आणि बहुतेक वेळा सिझेरियन आधीच ठरवून करतात. आणि हो, आतडं जोडलेल्या मूत्राशयात दिवस राहिलेत का बघायची घरची लघवीची टेस्ट चुकून पॉझिटिव्ह दाखवू शकते, म्हणून रक्ताची करायची. हे त्या आईला कोणी सांगितलेलं नसतं, मी तरी नको का सांगू?

उपचाराला ज्यांना मुंबई लांब वाटते त्यांच्यासाठी, अहमदाबादच्या सिव्हिल हॉस्पिटलात एक्स्ट्रॉफीच्या मुलांवर बाहेरदेशीचे सर्जन येऊन तिथल्या डॉक्टरांबरोबर ऑपरेशनं करतात, 2009 पासून. नंदुरबार, अमळनेरकडून सुरतच्या गाडीने पुढे जाता येतं.

आता तुमच्या साडूंच्या नातीचं. ठणठणीत आहे ह्याचा आनंदच आहे, पण तिची शेवटची किडनीची सोनोग्राफी आणि क्रिएटिनिन (किडनीसाठीची रक्ततपासणी) कधी झालं ते घरात विचारा. आतड्याचा तुकडा लावलेला असेल तर व्हिटॅमिन बी बारा पण तपासायला सांगा. आणि लहानपणच्या ऑपरेशनचे कागद शोधून ठेवा, काय कुठे जोडलंय हे नव्या डॉक्टरला त्यातूनच कळतं. तिला किंवा तिच्या आईला माझ्याशी बोलायचं असेल तर इथेच मेसेज टाकू देत, नाव कुठे येणार नाही.