पऱ्हाटीवर औषध मारताय? मग एवढं कराच

पहिली गोष्ट, त्याला विष म्हणू नका. विष म्हटलं की हात कचरतो. औषध म्हणा. पऱ्हाटी (म्हणजे कपाशी) आजारी, कृषी केंद्रवाला डॉक्टर, आणि फी उधारीच्या वहीत.

त्यानं तीन डबे दिले तर तिन्ही एकाच पंपात ओता. तीनदा फवारायची मजुरी कोण देणार? डब्यावर रंगीत त्रिकोण असतो. लाल म्हणजे सगळ्यात जहाल, मग पिवळा, निळा, हिरवा. निवड सोपी व्हावी म्हणूनच ही सोय असणार, तेव्हा लाल उचला. बाकीचा मजकूर वाचायला भिंग लागतं, ते डब्यासोबत मिळत नाही.

ढालकिडे, क्रायसोपा असे मित्रकिडे दिसले तर त्यांना आधी गाठा. फुकटात मावा ही कीड खातात, बाजार बिघडवतात. सायपरमेथ्रिन हे कीटकनाशक पुन्हा पुन्हा मारलं की ही मंडळी संपतात आणि पांढरी माशी दुप्पट जोमानं उठते. घाबरू नका, तिचंही औषध निघालंय. त्याच दुकानात.

नोझल तुंबलं तर तोंडानं फुंका, सगळे तेच करतात. 2017च्या हंगामात यवतमाळात पऱ्हाटी डोक्यावर गेली होती. फवारा वर धरावा लागे आणि तो तोंडावर, छातीवर उतरे. 20च्या आसपास शेतकरी-मजूर गेले, शेकडो दवाखान्यात पडले. मग पुष्कळांना एकदम आठवलं की मजुरानं मास्क, हातमोजे घालायला हवे होते. भर उकाड्यात, पाठीवर भरलेला पंप घेऊन, रबरी मोजे! (सांगणारे पंख्याखाली बसले होते.)

काम झालं की पंप नाल्यात खळखळून धुवा. मासे पांढरी पोटं वर करून तरंगले तर औषधाला गुण आहे म्हणायचं. रिकामा डबा फेकू नका, परसाकडला न्यायला बरा पडतो.

फवारणी शक्यतो सकाळी, फुलांवर मधमाश्या असतानाच उरका. पुढं बांधावरच्या लाल भोपळ्याला फळ धरेनासं होईल. त्यालाही उपाय आहे: भल्या पहाटे उठायचं, नर फूल तोडायचं, पाकळ्या काढायच्या आणि मादी फुलात हलकेच पुसायचं. वेलावर दहा मादी फुलं असतील तर दहा वेळा. आजी ओट्यावरून विचारेल, "हे काय करतोस रे?" तिला सांगा, मधमाश्यांची पाळी आता आपल्याकडे आलीय.