कुरियर कोणता ते नंतर, आधी पिशवीतली हवा बघा

लेन्स विकून गिऱ्हाइकाला पाठवायची असो नाहीतर दुरुस्तीसाठी मुंबईला धाडायची असो, आपल्या किनारपट्टीवरच्या फोटोग्राफर मंडळींचा पहिला प्रश्न ठरलेला: "कुरियर कोणता चांगला?" माझ्या मते हा प्रश्न चौथ्या नंबरचा आहे. पॅकिंगचे जे व्हिडिओ आपण बघतो ते बहुतेक कोरड्या हवेच्या गावांत बनलेले असतात. त्यात शत्रू एकच, धक्का. रत्नागिरी, मालवण, वेंगुर्ल्यात शत्रू दोन. धक्का वाटेत बसतो. दमट हवा मात्र आपणच घरून, टेप मारून, लेन्ससोबत आत कोंडून पाठवतो.

थोडं गणित करू. पावसाळ्यात ३० अंश तापमान आणि ८५ टक्के आर्द्रता म्हणजे आपल्याकडचा साधा दिवस. या हवेचा दवबिंदू २७ अंशांच्या आसपास येतो. म्हणजे हीच हवा आत घेऊन पार्सल रात्री आंबा घाट चढलं, किंवा २४ अंशांवर एसी चालणाऱ्या ऑफिसात जाऊन पडलं, की आत दव धरणार. झिपलॉक पिशवीत उरलेल्या दोन लिटर हवेत पाणी असतं जेमतेम ०.०५ ग्रॅम. ऐकायला काहीच नाही, पण काचेवर धूसर थर बसायला तेवढं पुरतं. उलट बाजूने बघा: ताजं सिलिका जेल स्वतःच्या वजनाच्या पाचव्या हिश्शाएवढं पाणी सहज ओढतं. म्हणजे बंद पिशवीत १० ग्रॅमच्या दोन पुड्या चिक्कार झाल्या. त्याच पुड्या पुठ्ठ्याच्या खोक्यात नुसत्या टाकल्या तर त्या कोकणची हवा सुकवायला बसतात आणि काही तासांत दमून जातात. पुड्या पिशवीच्या आत हव्यात, बाहेर नकोत. एवढी साधी गोष्ट, पण दहापैकी आठ पार्सलांत उलटं असतं.

खरा ओलावा हवेत नसतोच फारसा. तो असतो लेन्सच्या कापडी पाऊचमध्ये, पट्ट्यात, चामड्याच्या केसमध्ये, जुन्या फोममध्ये. जूनपासून कपाटात पडलेला पाऊच म्हणजे बुरशीचं बियाणं. तो लेन्सबरोबर एकाच पिशवीत घालू नका. गिऱ्हाइकाला द्यायचाच असेल तर वेगळ्या प्लास्टिकमध्ये.

पॅकिंग कुठे करायचं तेही ठरवून घ्या. घरात एसी असेल तर ड्राय मोडवर तास-दोन तास चालवा, लेन्सची दोन्ही झाकणं काढून ती त्याच खोलीत टेबलावर राहू द्या आणि पिशवीचं तोंड बंद होईपर्यंत खोलीबाहेर आणू नका. गार झालेली लेन्स उघडी घेऊन पडवीत आलात की सगळी मेहनत पाण्यात, अगदी शब्दशः. एसी नसेल तर ड्राय कॅबिनेटमध्ये, म्हणजे आतली आर्द्रता ठरवून ठेवणाऱ्या कपाटात, ४० ते ४५ टक्क्यांवर एक दिवस ठेवा. तेही नसेल तर हवाबंद झाकणाचा प्लास्टिकचा डबा आणि त्यात पाव किलो ताजं सिलिका जेल, चोवीस तास. जेल नारिंगी दाण्यांचं घ्या, ओलं झालं की ते हिरवट पडतं. ओव्हनमध्ये ११०-१२० अंशांवर दोन तास तापवलं की पुन्हा कामाला लागतं. निळ्या दाण्यांत कोबाल्ट क्लोराइड असतं; ते स्वयंपाकाच्या भांड्यात किंवा खाण्याच्या ओव्हनमध्ये घालू नये.

आता लेन्स. कॅमेऱ्याला लावलेली लेन्स तशीच पाठवणं हा निव्वळ वेडेपणा. एक आदळ बसली की सगळा भार माउंटच्या कडीवर येतो आणि दोन्ही वस्तू दुरुस्तीला जातात. आधी कॅमेरा बंद करा, दोन-तीन सेकंद थांबा, मग लेन्स काढा. स्टॅबिलायझर (हात हलला तरी चित्र स्थिर ठेवणारी लेन्समधली यंत्रणा) चालू असताना लेन्स ओढून काढली तर आतला हलता भाग जागेवर बसायच्या आधीच वीज तुटते. काही लेन्स मुळातच खुळखुळतात. फुजीची ९० एमएम एफ/२ हातात हलवली की आत काहीतरी सुटल्यासारखी वाजते, कारण फोकससाठी लिनियर मोटरने हलणारा भिंगांचा गट वीज नसताना मोकळा असतो. अशी लेन्स पाठवताना समोरच्याला आधीच सांगून ठेवा, नाहीतर पार्सल उघडल्या क्षणी तुमचा फोन वाजणार.

झूम सगळ्यात आखूड करा, लॉकचं बटण असेल तर लावा. फोकसने नळी पुढे येत असेल तर ती पूर्ण आत घ्या. हूड (लेन्सच्या तोंडावरचं, ऊन अडवणारं कडं) उलटा लावायचा की वेगळा ठेवायचा यावर लोक वाद घालतात. मोठ्या लेन्सचा हूड मी वेगळाच ठेवायला सांगेन, कारण उलटा लावलेला हूड बाहेरून आलेला दाब थेट पुढच्या कडीवर देतो. यूव्ही फिल्टर मात्र काढाच. पातळ काच फुटते आणि तिचे कण प्रवासभर पुढच्या भिंगावर घासत राहतात. ट्रायपॉडचा पाय सुटत असेल तर सोडवून वेगळा गुंडाळा. मागचं झाकण 'टक' असं बसलं पाहिजे. बाजारातली स्वस्त झाकणं ढिली असतात, त्यांवर मास्किंग टेपची एक पट्टी आडवी मारा. ब्राऊन टेप लेन्सला लावू नका, त्याचा डिंक पावसाळ्यात रबरी रिंगवरून निघता निघत नाही. त्याआधी ब्लोअरने वाळू उडवा आणि बाहेरची नळी कोरड्या कापडाने पुसा. काल किनाऱ्यावर वापरलेली लेन्स आज तशीच पाठवली तर झूम रिंगच्या फटीतली रेती आणि खार तिच्याबरोबरच जातात.

झिपलॉकमध्ये लेन्स आणि दोन पुड्या, हवा हाताने दाबून बाहेर, तोंड बंद. त्यावर बबल रॅप. छोट्या फुग्यांच्या रॅपची जाडी चार-पाच मिलिमीटर असते, म्हणून त्याचे पाच-सहा वेढे. मोठ्या फुग्यांचा असेल तर तीन. शेवटच्या टोकाला टेपची घडी दुमडून ठेवा, म्हणजे उघडणाऱ्याला कटर लागणार नाही. दोन किलोच्या टेलिफोटोला मात्र नुसता बबल रॅप पुरत नाही, वजनाखाली फुगे फुटतात. तिथे २०-२५ मिलिमीटर जाडीची ईपीई फोम शीट (पांढऱ्या, लवचिक फोमचा ताव) लागते, फ्रिज-टीव्हीच्या दुकानातून फुकटही मिळते. थर्माकोलच्या मोकळ्या गोळ्या अजिबात नकोत. गाडीच्या हादऱ्यांनी जड लेन्स त्यांतून हळूहळू खाली सरकते आणि पोहोचेपर्यंत खोक्याच्या तळाला टेकलेली असते. वर्तमानपत्राचे बोळे पहिल्या शंभर किलोमीटरांत चपटे होतात, शिवाय ओलावा धरतात.

खोके दोन. आतला लेन्सच्या मापाचा, बाहेरचा त्याहून प्रत्येक बाजूला पाच सेंटिमीटर मोठा आणि पाच पदरी पुठ्ठ्याचा. त्या पाच सेंटिमीटरांत फोम, सहाही बाजूंनी. लेन्सच्या दोन्ही टोकांना जास्त. कंपनीचा मूळ खोका असेल तर तो आतला खोका समजायचा. तो एकटा प्रवासासाठी बनवलेलाच नसतो, आणि त्यावर छापलेलं नाव 'आत लाखाचा माल आहे' असं ओरडून सांगतं. पुठ्ठा नवा, खोलीत ठेवलेला हवा. माळ्यावर पावसाळा काढलेला खोका दिसायला ठणठणीत असतो, पण ९० टक्के आर्द्रतेत पुठ्ठ्याची दाब सोसायची ताकद निम्म्याच्या आसपास येते आणि टेपही त्यावर धरत नाही. बाहेरच्या खोक्याच्या आत जाड पॉलिथिनची मोठी पिशवी घालून आतला खोका त्यात बांधा. पिशवी बाहेरून घातली तर पहिल्याच हुकाला फाटते. गोदामाची फरशी ओली असते हे आपल्याला कुणी सांगायला नको. जुलै २०२१ मध्ये चिपळूणच्या बाजारपेठेत पाणी कुठवर चढलं ते सगळ्यांनी बघितलंय.

आंब्याच्या पेटीबद्दल एकदा बोलायलाच हवं. घरात रिकामी पडलेली असते, मजबूत असते, आणि पेंढाही फुकटचा. पण त्या पेटीला भोकं ठेवलेली असतात ती फळाला हवा लागावी म्हणून. लेन्सला नेमकी तीच नको आहे. आणि पेंढ्यात ओलावा, धूळ, बुरशी, तिन्ही. हापूसची पेटी हापूसलाच राहू दे.

टेप मारताना मधल्या सांध्यावर एक पट्टी आणि दोन्ही कडांवर एकेक, इंग्रजी एच अक्षरासारखी, वर आणि खाली दोन्हीकडे, कोपऱ्याखाली सात-आठ सेंटिमीटर उतरवून. मग खोका हलवा. आत काही सरकल्याचं जाणवलं तर उघडून पुन्हा भरा. 'फ्रॅजाइल'चे स्टिकर लावायचे तर लावा, माझा विरोध नाही. पण पोत्यांच्या ढिगात रात्री दोन वाजता स्टिकर कुणी वाचत नाही. लेबलवर ब्रँडचं नाव नको. कागदपत्रांत मात्र वस्तू आणि किंमत खरीच लिहा. बॅटऱ्या याच खोक्यात घालू नका, लिथियममुळे विमानाच्या मालाला वेगळे नियम लागतात आणि पार्सल अडकतं.

पैसे वाचवायची खुमखुमी इथेच येते, कारण बहुतेक हवाई कुरियर आकारमानावर वजन धरतात: लांबी गुणिले रुंदी गुणिले उंची, सेंटिमीटरमध्ये, भागिले ५०००. उदाहरणार्थ सोनीची २००-६०० एमएम झूम घ्या. लेन्स २,११५ ग्रॅम, लांबी ३१८ मिलिमीटर. आतला खोका ४०×२०×२०, बाहेरचा ५०×३०×३०. प्रत्यक्ष वजन चार किलोच्या आत, बिल नऊ किलोचं. मग माणूस बाहेरचा खोका कापून लहान करतो. वाचतात काहीशे रुपये, आणि जी जागा धक्का खाणार होती तीच जाते. उलट ५० एमएम एफ/१.८ सारख्या १६० ग्रॅमच्या लेन्सला २० सेंटिमीटरचा चौकोनी खोका भरपूर झाला, बिल १.६ किलोचं. तिच्यासाठी टीव्हीचा खोका शोधत फिरू नका.

ट्रॅव्हल्सच्या डिकीतून पाठवणं स्वस्त आणि एका रात्रीत पोहोचणारं, पण डिकी तापते, वर मासळीचे बर्फाचे डबे येऊ शकतात, आणि पावती म्हणजे गाडी नंबर लिहिलेली चिठ्ठी. महाग लेन्ससाठी नकोच. ओळखीचा चाकरमानी गणपतीनंतर मुंबईला परत निघाला असेल तर त्याच्यासारखं कुरियर नाही, अट एकच: सामान मांडीवर, सीटखाली नाही. पावसाळ्यात पार्सल सोमवार-मंगळवारी द्या. शुक्रवारी दिलेलं, आणि त्यात परशुराम घाटात दरड आली, की ते कुठल्या शेडमध्ये किती दिवस पडेल सांगता येत नाही.

विमा काढाच. 'मालकाच्या जोखमीवर' अशी पावती फाडली असेल तर नुकसानभरपाई पावतीमागे छापलेल्या किरकोळ रकमेपुरतीच. 'कॅरियरच्या जोखमीवर' पाठवायचे जादा पैसे लागतात, पोस्टातही विमा उतरवून पार्सल जातं. पण दावा हमखास 'पॅकिंग अपुरं होतं' या एका वाक्यावर अडतो. म्हणून सिरियल नंबरपासून शेवटच्या टेपपर्यंत न थांबता एकच व्हिडिओ काढा आणि काउंटरवरच्या काट्यावर पार्सल ठेवलेलं असतानाचा फोटो घ्या. शिवाय पाठवायच्या आधी चिऱ्याच्या भिंतीचा एक फोटो: कॅमेरा ट्रायपॉडवर, भिंतीला समांतर, अॅपर्चर पूर्ण उघडं. जांभ्याचा खडबडीत पोत आणि थरांच्या सरळ रेषा यांसाठी उत्तम.

घेणाऱ्याला सांगा की बाहेरचा खोका व्हिडिओ चालू ठेवून उघडायचा, पण झिपलॉक तीन-चार तास तसंच खोलीत ठेवायचं, लेन्स खोलीच्या तापमानाला येईपर्यंत. मग त्यानेही भिंतीचा तसाच फोटो काढायचा. चारही कोपरे तुमच्या फोटोसारखे असतील तर प्रश्न मिटला. एकच कोपरा मऊ, म्हणजे धूसर, पडला असेल तर आतला भिंगांचा गट सरकलेला असू शकतो. त्याच दिवशी कुरियरला लेखी कळवायचं, दोन्ही फोटो जोडून, आणि खोका, फोम, टेप यातलं काहीही टाकून द्यायचं नाही, कारण तपासणीला येणारा माणूस आधी खोकाच मागतो. परत पाठवायची वेळ आलीच तर पिशवीतल्या पुड्या बदलायला सांगा.