सोपा दिवस सोपाच राहू द्या

आमच्या जुन्या धावपटूंच्या ग्रुपवर गेल्या महिन्यात पुन्हा तोच वाद निघाला: आपल्या खेळाडूंना परदेशी प्रशिक्षक हवेत की आपलेच सर पुरेत? एकाने अविनाश साबळेचं नाव घेतलं. २०२२च्या राष्ट्रकुल स्पर्धेत ३००० मीटर स्टीपलचेसमध्ये, म्हणजे अडथळे आणि पाण्याचा खड्डा ओलांडत पळायच्या शर्यतीत, ८ मिनिटं ११.२० सेकंदांत त्याने रौप्य मिळवलं, त्याआधी तो अमेरिकेत सराव करत होता. दुसरा म्हणाला, पण त्याला घडवलं ते सैन्यातल्या अमरीश कुमारांनीच ना? दोघांचंही खरं आहे. पण मी चौदा वर्षं नॉर्वेत राहतोय, आणि मला वाटतं आपण प्रशिक्षकाच्या पासपोर्टवर भांडतो. मंगळवारच्या सरावात नक्की काय लिहिलंय आणि का, हे कुणी विचारत नाही.

माझी मुलगी सतरा वर्षांची आहे, इथल्या क्लबमध्ये १५०० मीटर पळते. परवा हॉलमध्ये तिचा सराव बघत बसलो होतो. सहा वेळा हजार मीटर, मध्ये एक मिनिट विश्रांती. तिसऱ्या फेरीनंतर प्रशिक्षकाने तिच्या कानाच्या पाळीला सुई टोचली, रक्ताचा थेंब पट्टीवर घेतला आणि लॅक्टेटचा आकडा पाहिला. जोर जास्त लागला की रक्तातलं लॅक्टेट वाढतं. ३.९. ठरलं होतं तीनच्या आत. पुढच्या फेऱ्या चार सेकंद हळू, असं तो म्हणाला. ही म्हणते, ‘मला अजिबात दम लागलेला नाही.’ तो म्हणाला, ‘आज लागायलाच नकोय. शनिवारी लागेल.’

मी चपापलो. माझ्या वेळी हे वाक्य मैदानावर कुणी उच्चारलं असतं तर त्याला कामचुकार ठरवलं असतं.

शरीर सरावात बळकट होत नाही. सरावात ते मोडतं, आणि नंतरच्या झोपेत, जेवणात, सोप्या दिवसांत पहिल्यापेक्षा थोडं जास्त भरून येतं. भरून यायच्या आत पुन्हा मोडलं तर खड्डा खोल होत जातो. नॉर्वेत काम करणारे संशोधक स्टीफन सायलर यांनी अव्वल स्कीपटू, सायकलपटू, धावपटूंचा सराव अभ्यासला. त्यांना दिसलं की सुमारे ८० टक्के सत्रं हलकी असतात आणि उरलेली खरोखर कठीण. आपल्याकडे बहुतेक मुलांचे सगळेच दिवस मधल्या तीव्रतेचे असतात. हलक्या दिवशी सरांना दाखवायला जोर लावायचा, मग जोराच्या दिवशी पायात जोरच उरत नाही. रोज दमायचं आणि वेळ मात्र वर्षभर तीच.

मी स्वतः असाच पळलो. सकाळ-संध्याकाळ, आठवड्याचे सहा दिवस. पायाची नळी दुखायला लागली तेव्हा तेल चोळून पळ म्हणून सांगितलं गेलं. स्पर्धा तीन आठवड्यांवर होती. हाडाला बारीक तडा गेला होता हे स्पर्धा संपल्यावर एक्स-रेत कळलं. त्या प्रशिक्षकांवर माझा राग नाही, पहाटे पाचला ते माझ्याआधी मैदानावर असायचे. त्यांच्याकडे माझ्या कालच्या दिवसाची नोंद नव्हती, एवढंच. ती नोंद कुणीच ठेवत नव्हतं.

आणि त्यासाठी लॅक्टेटचं यंत्र लागतंच असं नाही. न्यूझीलंडचे आर्थर लिडियार्ड बुटांच्या कारखान्यात काम करायचे. कित्येक महिने त्यांचे धावपटू आठवड्याला १६० किलोमीटरच्या आसपास धावायचे, बोलता येईल अशा वेगात. मग टेकड्या, मग वेग, आणि शेवटी स्पर्धेसाठी ताजंतवानं होणं. १९६० साली रोममध्ये त्यांच्या पीटर स्नेलने ८०० मीटरचं आणि मरे हॅलबर्गने ५००० मीटरचं सुवर्ण एकाच दिवशी जिंकलं. स्पर्धेच्या तारखेपासून मागे मोजत वर्ष आखायचं, ही त्यांची खरी शिकवण. शेवटचे दोन आठवडे अंतर जवळपास निम्मं करायचं, वेग तसाच ठेवायचा. आपल्याकडे नेमक्या त्याच आठवड्यांत सराव वाढवतात. भीतीने.

ती भीती मी समजू शकतो, आणि इथे नॉर्वेचं कौतुक करताना मला थांबावं लागतं. इथे मूल ज्या वर्षी ११ वर्षांचं होतं त्याआधी निकालाच्या याद्या लावत नाहीत, आणि राष्ट्रीय अजिंक्यपद १३ आधी नाही. तरी ५० लाखांहून थोड्या जास्त वस्तीच्या या देशाने २०१८च्या हिवाळी ऑलिंपिकमध्ये ३९ पदकं घेतली. पण इथे चौदाव्या वर्षी हरलेल्या मुलाचं काहीच बिघडत नाही. महाराष्ट्रात शालेय पदकाला दहावी-बारावीचे वाढीव गुण आहेत, पुढे सरकारी नोकरीत पाच टक्के खेळाडू आरक्षण आहे. एखाद्या घराची सगळी आशा त्या एका शर्यतीवर असते. तिथल्या सरांना ‘मुलाला आज हळू पळवा’ सांगणं सोपं आहे, ते निभावणं त्यांच्या अंगावर येतं. म्हणून मला वाटतं, वाद घालायचाच तर बक्षिसांच्या वयावर घालू या. बारा-तेरा वर्षांच्या पोराच्या पदकाला जितकं वजन देऊ, तितका त्याचा आराखडा घाईचा होणार. परदेशी माणूस आणला तरी होणारच.

माझा भाचा तेरा वर्षांचा आहे, ८०० मीटर पळतो. त्याला मी फोन करून एक वही आखायला सांगितली: उठल्यावरची नाडी, झोपेचे तास, काय पळला, पाय कसे होते. तीन आठवडे त्याने ती न चुकता भरली. शाळेच्या परीक्षेच्या आठवड्यात नाडी ५८ वरून ६७ वर गेली होती, म्हणजे शरीर अजून भरून आलं नसावं. त्याने ते पान सरांना दाखवलं. सरांनी बराच वेळ पाहिलं, त्या दिवशीचे चारशेचे राउंड रद्द केले, आणि म्हणाले, ‘उद्यापासून सगळ्यांच्याच वह्या आणा.’