आयकार्डावर 'मेन्टेनन्स'

सत्तावीस वर्षं हॉस्पिटलात इंजिनिअर होतो. आयकार्डावर शेवटपर्यंत 'मेन्टेनन्स' एवढंच. वॉर्डात शिरलो की सिस्टर म्हणायच्या, "सर, तेवढा पंखा बघा ना." पंखा बघायचोच. पण थिएटरची हवा, ऑक्सिजनची लाईन, जनरेटर, लिफ्ट, बॉयलर, सांडपाण्याचा प्लांट, हे सगळंही त्याच एका शब्दात कोंबलेलं असायचं.

हल्ली रिकामा वेळ आहे, म्हणून आमच्या जमातीच्या परदेशी संघटनांचा इतिहास चाळत होतो. ब्रिटनमधल्या हॉस्पिटल इंजिनिअरांनी आपली संस्था काढली १९४३ साली, ऐन महायुद्धात. त्यांची एनएचएस, म्हणजे सरकारी आरोग्यसेवा, सुरू झाली जुलै १९४८ मध्ये. म्हणजे ती जन्माला यायच्या पाच वर्षं आधी तिचे बॉयलर सांभाळणारे एकत्र बसले होते! अमेरिकेत देशपातळीवरची संस्था १९६२ ची. १९७० मध्ये रोमला आंतरराष्ट्रीय महासंघ झाला. शिवाय अमेरिकेत प्रादेशिक संस्था आहेतच. न्यू इंग्लंड म्हणजे ईशान्येकडची सहा छोटी राज्यं, पण तिथल्या हॉस्पिटल इंजिनिअरांची स्वतःची वेगळी सोसायटी आहे.

त्याच न्यू इंग्लंडमध्ये, हार्टफर्डच्या हॉस्पिटलात, ८ डिसेंबर १९६१ ला आग लागली. कचरा खाली टाकायच्या उभ्या नळात ती पेटली, नवव्या मजल्यावर नळाचं दार उडालं आणि कॉरिडॉरमधलं छत, भिंतीवरचं आवरण सगळं धडाधड पेटलं. सोळा माणसं गेली. ज्या खोल्यांची दारं बंद होती तिथली बहुतेक वाचली. एक साधं लाकडी दार! त्या आगीमुळेच पुढच्या वर्षी संस्था निघाली असं मी म्हणणार नाही. पण तेव्हाच्या बैठकांमध्ये दारांविषयी बोलणं झालं नसेल, असं मला तरी वाटत नाही.

आता माझी गोष्ट. हॉस्पिटलचं नाव सांगत नाही, विचारूही नका. दिवाळीच्या आदल्या रात्री दीड वाजता आयसीयूतून फोन, "सर, ऑक्सिजनचा अलार्म थांबत नाहीये." मॅनिफोल्ड रूममध्ये धावलो, म्हणजे जिथे सिलिंडरांच्या दोन रांगा (आम्ही त्यांना बँक म्हणतो) ऑक्सिजनच्या लाईनला जोडलेल्या असतात, एक संपली की दुसरी चालावी म्हणून. उजव्या बँकेचे दहा जम्बो सिलिंडर संपलेले, डाव्या बँकेचे दहा भरलेले, आणि तरी लाईनचं प्रेशर चारवरून अडीचवर उतरलेलं. काळ्या अंगाचे, पांढऱ्या खांद्याचे ते सिलिंडर रांगेत शांत उभे. डाव्या बँकेचा मेन व्हॉल्व्ह बंद होता. दिवसा रंगारी आत होते, पाईप रंगवताना कुणीतरी फिरवला होता. हाताला ओला रंग लागला तेव्हा कळलं. तोवर सिस्टरांनी खाटेजवळचे छोटे सिलिंडर लावले होते. कुणाला काही झालं नाही.

आणि मी लॉगबुकात लिहिलं : 'प्रेशर नॉर्मल'.

खोटं नव्हतं ते, लिहिलं तेव्हा नॉर्मल होतंच. पण वर विचारलं असतं तर पहिली मान माझी गेली असती. सहा-सात महिन्यांनी एका कंपनीच्या जेवणात दुसऱ्या गावचा इंजिनिअर भेटला. बोलता बोलता सांगितलं, तर तो म्हणतो, "अहो, आमच्याकडे दोन वर्षांपूर्वी हेच! तेव्हापासून आम्ही व्हॉल्व्ह उघडा ठेवून साखळी-कुलूप घालतो." दोन वर्षं! साठ-सत्तर रुपयांचं कुलूप, आणि ते माझ्यापर्यंत पोचायला पनीर टिक्का लागला.

संघटना कशाला हवी, तर एवढ्यासाठी. शाल-श्रीफळाची, बॅनरवर सहा फोटोंची संघटना नको. आपली चूक नोकरी न गमावता दुसऱ्याला सांगता येईल, अशी जागा हवी. मोठ्या शहरांतल्या मोठ्या हॉस्पिटलांची परिषदा-प्रदर्शनं असतात, चांगली असतात. पण जिल्ह्याच्या गावी शंभर खाटांमागे एकटा राबणारा इंजिनिअर तिथे जाणार कधी? त्याची रजा कोण मंजूर करणार?

२०२१ आठवून बघा. ९ जानेवारीला भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात नवजात कक्षाला आग लागली, दहा बाळं गेली. २१ एप्रिलला नाशिकच्या झाकीर हुसेन रुग्णालयात ऑक्सिजनची टाकी गळली, लाईनचं प्रेशर पडलं, वीसहून अधिक रुग्ण गेले. टीव्हीवर पांढरे ढग दिसत होते. (ऑक्सिजन दिसत नाही. उणे १८३ अंशांचा द्रव बाहेर येतो तेव्हा हवेतली वाफ गोठते, ती दिसते.) दोनच दिवसांनी विरार, नोव्हेंबरात नगर, दोन्हीकडे आयसीयूत आग. चौकश्या झाल्या, निलंबनं झाली, 'फायर ऑडिट' हा शब्द घरोघरी पोचला. पण प्रत्येक वेळी प्रश्न एकच : दोषी कोण? पुढच्या तालुक्यातल्या मेन्टेनन्सवाल्याने उद्या सकाळी नेमका कुठला व्हॉल्व्ह, कुठली वायर बघायची, हे त्याला कोण सांगणार होतं?

आम्ही दहा-बारा निवृत्त आणि चालू नोकरीतले एक व्हॉट्सअॅप ग्रुप चालवतो. गुड मॉर्निंगची फुलं टाकायला बंदी आहे. परवा पहाटे पाचला एका पोराचा मेसेज, "काका, व्हेपोरायझरवर बर्फाचा थर चढलाय, प्रेशर हळूहळू उतरतंय, गरम पाणी मारू का?" (व्हेपोरायझर म्हणजे टाकीतल्या द्रव ऑक्सिजनचा वायू करणारं यंत्र.) म्हटलं, आधी दुसऱ्या व्हेपोरायझरवर घे, पाण्याचं मग बघू. त्याने व्हिडिओ कॉल लावला. गेज दाखव म्हटलं, तर घाईत मोबाईल उलटा धरला होता त्याने. मी मान वाकडी करून आकडा वाचला.